महामंदी म्हणावी अशी मंदी

एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत भारताचे राष्ट्रीय उत्पन्न आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीच्या तुलनेत २३.९ टक्क्यांनी घसरल्याचा पहिला अंदाज जाहीर झाला. अमेरिकेचे उत्पन्न १९२९ ते १९३३ या चार वर्षांत मिळून एक चतुर्थांशाहून थोडे अधिक घटले होते. नुसते आकडे शेजारी शेजारी मांडले, तर दोन्ही संकटे एकाच तोलाची वाटतील. तरीही पहिल्याला कोणी गंभीरपणे महामंदी म्हटले नाही आणि दुसऱ्याला त्याखेरीज दुसरे नाव नाही. भारतात टाळेबंदी उठली तशी दुकाने उघडली, ऑक्टोबर-डिसेंबरच्या तिमाहीत वाढीचा आकडा शून्याच्या वर आला. अमेरिकेत १९३३ च्या वसंतात चारांतला एक कामकरी माणूस बेकार होता आणि शेअरबाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक १९२९ च्या शिखरावर परत पोचायला १९५४ साल उजाडले. हाल दोन्हीकडे झाले. २०२० मध्ये शहरे सोडून पायी निघालेल्या मजुरांचे हाल कोणत्याही महामंदीला साजतील असेच होते. म्हणून सोसलेल्या दुःखाच्या मापाने हा प्रश्न सुटत नाही, आणि घसरणीच्या टक्केवारीनेही सुटत नाही. वाईट दिवस नेमके केव्हा महामंदीत मोडतात, हे ठरवायला तिसरीच काही कसोटी लागते. तिचा शोध हाच या पुस्तकाचा विषय आहे.

प्रचलित मोजमापे आधी पाहू. लागोपाठ दोन तिमाहींत उत्पन्न घटले की मंदी, हा वर्तमानपत्री नियम सर्वांच्या परिचयाचा आहे. ज्युलियस शिस्किन या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये एका लेखात तो ढोबळ खूण म्हणून सुचवला आणि पुढे तो व्याख्येसारखा रूढ झाला. अमेरिकेत मंदीच्या तारखा ठरवणारी नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च ही संस्था हा नियम पाळत नाही. रोजगार, उत्पन्न, विक्री, कारखानदारी अशा अनेक अंगांनी घसरण खोल, दूरवर पसरलेली आणि काही महिने टिकणारी आहे का, हे ती पाहते. पण याच संस्थेकडे महामंदीची व्याख्या नाही. उत्पन्नात दहा टक्के घट, किंवा दोन-तीन वर्षे टिकलेली घसरण, असे उंबरठे अर्थतज्ज्ञ सोयीसाठी वापरतात. ते निरुपयोगी आहेत असे नाही. परंतु लांबीने मोजायचे ठरवले, तर या संस्थेच्या नोंदीत सर्वांत दीर्घ घसरण ऑक्टोबर १८७३ ते मार्च १८७९ ही ६५ महिन्यांची आहे आणि १९२९ ची ४३ महिन्यांची. खोलीने मोजायचे, तर २०२० च्या दोन महिन्यांनाही वरचा मान द्यावा लागेल. मोजपट्टी बदलली की निकाल बदलतो, याचाच अर्थ आपण मोजतो आहोत ती गोष्ट अजून नीट ओळखलेली नाही.

या ओळखीची खटपट दोनशे वर्षांची आहे. नेपोलियनची युद्धे संपल्यावर युरोपात माल पडून राहू लागला, तेव्हा सिस्मोंदी आणि माल्थस यांनी विचारले की सगळ्याच मालाला एकदम गिऱ्हाईक नाही, असे होऊ शकते का? से आणि रिकार्डो यांचे उत्तर नकारार्थी होते: उत्पादनातूनच खरेदीची शक्ती जन्मते, एखाद्या धंद्यात माल साचेल, सर्वत्र साचणार नाही. पुढचे बहुतेक वाद या एका प्रश्नाच्या पोटातून निघाले आहेत. क्लेमाँ झ्युग्लार याने १८६२ मध्ये तेजी-मंदीला फेरे असतात हे दाखवले. मार्क्सने ते फेरे भांडवलशाहीच्या घडणीतच पाहिले. मग १८७३ आले. मे महिन्यात व्हिएन्नाचा बाजार कोसळला, सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये जे कुक यांची पेढी बुडाली, आणि पुढची वीस-बावीस वर्षे भाव उतरत राहिले. ब्रिटनमध्ये १९३० च्या आधी महामंदी म्हटले की याच काळाकडे बोट जात असे. एस. बी. सॉल या इतिहासकाराने १९६९ मध्ये एक छोटे पुस्तक लिहून ही महामंदी मुळात मिथक होती असे मांडले, कारण त्या काळात ब्रिटनचे उत्पादन वाढतच होते. सॉल यांचे आकडे बरोबर आहेत. पण त्याच वर्षांत धान्याच्या पडत्या भावाने इंग्रज शेतकरी आणि जमीनदार गाळात गेले, हेही तितकेच खरे आहे. देशाची सरासरी एक सांगते आणि देशातल्या एका वर्गाचा हिशेब दुसरेच सांगतो, ही गाठ इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते. ती पुढे आपल्याकडे अधिक घट्ट बसलेली सापडेल.

१९२९ नंतरच्या दशकाने या शास्त्राला आजचे रूप दिले. शेअरबाजार कोसळणे ही त्यातली सर्वांत गाजलेली आणि माझ्या मते सर्वांत कमी महत्त्वाची घटना. खरा घात पुढच्या तीन वर्षांत झाला: अमेरिकेत १९३३ पर्यंत सुमारे नऊ हजार बँका बंद पडल्या, चलनात असलेला पैसा एक तृतीयांशाने आटला, मे १९३१ मध्ये ऑस्ट्रियाची क्रेडिटान्स्टाल्ट बँक डबघाईला आल्याने मध्य युरोपभर ठेवीदारांची रीघ लागली, आणि २१ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटनने सुवर्णपरिमाण, म्हणजे चलनाची सोन्याशी असलेली बांधणी, सोडले. आयोवात मका इतका स्वस्त झाला की कोळशाऐवजी तो चुलीत जाळला जाऊ लागला. तिथल्या शेतांचे लिलाव निघाले, तेव्हा शेजारी जमून काही सेंटांची बोली लावत, बाहेरच्या माणसाला बोली लावू देत नसत आणि घेतलेली वस्तू मूळ मालकाला परत करत. अन्नाचा सुकाळ आणि अन्न पिकवणाऱ्याचे दिवाळे एकाच शिवारात नांदत होते.

या घटनांचा अर्थ लावणारे संप्रदाय अनेक आहेत आणि त्यांच्यातले भांडण अजून मिटलेले नाही. हायेक आणि तेव्हाचे लायनेल रॉबिन्स म्हणत की स्वस्त कर्जांनी तेजीच्या काळात चुकीची गुंतवणूक झाली, ती निकालात निघेपर्यंत कळ सोसणे भाग आहे. केन्स यांनी १९३६ च्या ग्रंथात दाखवले की कळ सोसून काही होईलच याची हमी नाही. मागणी तुटली की अर्थव्यवस्था बेकारीसकट एका खालच्या पातळीवर ठाण मांडू शकते. त्यांच्या आधी तीन वर्षे अर्विंग फिशर यांनी कर्जाकडे लक्ष वेधले होते: सगळे एकाच वेळी कर्ज फेडायला धावतात, त्यासाठी माल विकतात, भाव पडतात, आणि भाव पडल्यामुळे उरलेले कर्ज पूर्वीपेक्षा जड होते. मिल्टन फ्रीडमन आणि ॲना श्वार्ट्झ यांनी १९६३ मध्ये दोषाचे माप मध्यवर्ती बँकेच्या पदरात टाकले. बेन बर्नान्के यांनी १९८३ मध्ये बँका बुडण्याने पतपुरवठ्याची यंत्रणाच मोडली हे मांडले. किंडलबर्गर यांना जगाचा कारभार सांभाळणारी सत्ता उरली नव्हती याचे महत्त्व वाटले, आयकेनग्रीन यांना सोन्याच्या बेडीचे. नवख्या वाचकाने या नामावळीने गांगरून जाण्याचे कारण नाही. घसरण सुरू कशाने झाली याविषयी हे सारे भांडतात. ती का थांबली नाही, याविषयी मात्र हायेक यांच्या बाजूचे काही जण सोडले, तर सर्वांच्या बोलण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: पैशात बांधलेली आणि भावांबरोबर खाली न येणारी देणी.

इथेच मला सुचवायची कसोटी आहे. नेहमीच्या मंदीत लोक जुने करार पाळून, उशिराने का होईना, बाहेर पडतात. महामंदीत ते पाळून बाहेर पडताच येत नाही. मोठ्या वर्गाने प्रामाणिकपणे कष्ट केले, पीक पुरते काढले, घरातले किडूकमिडूक विकले, तरी आधीचे वायदे पुरे होत नाहीत, आणि अखेर समाजाला ते करारच नव्याने लिहावे लागतात. अमेरिकेच्या काँग्रेसने जून १९३३ मध्ये सोन्यात फेड करण्याची कलमे रद्द केली. त्याच वर्षी मिनेसोटा आणि आयोवा राज्यांनी गहाणांची जप्ती रोखणारे कायदे केले. ग्रीसचे उत्पन्न २००८ नंतरच्या पाच वर्षांत सुमारे पाव भागाने घटले, बेकारी २७ टक्क्यांच्या वर गेली, आणि २०१२ मध्ये सरकारी रोख्यांच्या खाजगी धारकांना निम्म्याहून अधिक दर्शनी रकमेवर पाणी सोडावे लागले. याउलट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली. मुदत वाढली, करार तसाच राहिला, आणि बहुतांश कर्जदार पुन्हा हप्ते भरू लागले. हप्ता लांबणे आणि कर्जच कापावे लागणे, यांतले अंतर मला मंदी आणि महामंदी यांतले अंतर वाटते.

ही कसोटी आपल्या प्रांताच्या इतिहासावर लावून पाहावी, कारण तिथे राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. शिवसुब्रमण्यन यांच्यासारख्या अभ्यासकांनी स्थिर किमतींत काढलेले भारताचे राष्ट्रीय उत्पन्न १९३० च्या दशकात अमेरिकेसारखे कोसळलेले दिसत नाही. पाऊस पडत होता, शेते पिकत होती. १९३२ मध्ये संरक्षक जकात मिळाल्यावर साखर कारखाने भराभर उभे राहिले. वालचंदनगर आणि माळीनगर इथले कारखाने त्याच वर्षांतले. एवढ्यावरून भारतात महामंदी आलीच नाही असे म्हणता येते आणि तसे म्हटलेही गेले आहे. पण १९२९ ते १९३३ या काळात घाऊक भाव सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरले आणि कापसासारख्या नगदी पिकाचा भाव निम्म्याच्या आसपास आला. समजा, खानदेशातल्या एका कापूसवाल्याचे पीक शंभर रुपयांना जात होते, त्याच्या डोक्यावर दोनशे रुपये कर्ज होते, व्याज शेकडा बारा, आणि सारा सोळा रुपये. व्याजाचे चोवीस आणि साऱ्याचे सोळा वजा जाता त्याच्या हाती साठ रुपये राहत. भाव निम्मा झाला की तेवढ्याच कापसाचे पन्नास येतात. व्याज चोवीसच, सारा सोळाच. उरले दहा. पीक एका मणानेही घटले नाही, म्हणून उत्पादनाच्या तक्त्यात काहीच घडलेले नाही. घरात मात्र साठाचे दहा झाले. मुद्दल फेडायचा विचारही त्याला सोडून द्यावा लागला. अशी कर्जे थोडीथोडकी नव्हती: मध्यवर्ती बँकिंग चौकशी समितीने १९३१ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातल्या शेतकऱ्यांचे कर्ज सुमारे ९०० कोटी रुपये धरले होते.

त्यात भर होती हुंडणावळीची. १९२७ च्या कायद्याने रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स असा बांधला गेला. त्याआधी चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगात पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी १ शिलिंग ४ पेन्सच्या बाजूने भिन्नमत नोंदवले होते, कारण महाग रुपयाने शेतमालाचे देशातले भाव आणखी दाबले जातात. हा वाद शेअरबाजारातल्या मंडळींचा नव्हता. गांधीजींनी जानेवारी १९३० मध्ये मांडलेल्या अकरा मागण्यांत रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्सवर आणणे आणि शेतसारा निम्मा करणे या दोन्ही होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ च्या आपल्या ग्रंथात त्याआधीच बजावले होते की चलनाची खरी स्थिरता त्याच्या परकी दरात शोधायची नसते, ते देशात किती वस्तू विकत घेते त्यात शोधायची असते. पुढच्या दशकात नेमके उलटे घडले: दर टिकवला आणि भाव कोसळू दिले. सप्टेंबर १९३१ मध्ये पौंड सोन्यापासून सुटला, रुपया पौंडाला बांधलेलाच राहिला, आणि २१ रुपये तोळ्याच्या घरात असलेले सोने चढत तिशीपलीकडे गेले. पिढ्यानपिढ्या सोने घेणारा देश सोने विकणारा झाला. त्यात चढ्या भावाचा फायदा घेणारे लोक होतेच. पण गावोगावच्या सराफांकडे मोडीत निघालेले पुष्कळसे सोने सारा आणि व्याज भरण्यासाठी निघाले होते, आणि मंगळसूत्राच्या वाट्या विकून भरलेला सारा राष्ट्रीय उत्पन्नात कुठेही खोट म्हणून लागत नाही. मुंबईच्या गिरण्यांत पगारकपातीविरुद्ध १९३४ मध्ये सार्वत्रिक संप झाला. तिथला कामगार रत्नागिरी-साताऱ्याच्या शेताशी बांधलेला होता, त्यामुळे गावाकडचा धक्का आणि गिरणीतला धक्का त्याच्याच घरात एकत्र आला.

करार नव्याने लिहिण्याची पाळी इथेही आलीच. मुंबई प्रांताने १९३९ मध्ये शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा केला. कर्जाची रक्कम ऐपतीनुसार उतरवून हप्ते बांधून देण्याची त्यात सोय होती. भाव पडून दशक लोटल्यावर, दुसरे महायुद्ध भाव पुन्हा वर नेण्याच्या तोंडावर, हा कायदा आला. इतका उशीर अक्षम्य होता, कारण याच मुलखाला याच्या आधीचा धडा मिळालेला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ कापसाचा भाव गगनाला भिडला, मुंबईत बॅक बे रेक्लमेशनच्या शेअरांचा सट्टा रंगला, आणि युद्ध संपताच दोन्ही बुडाले. शहराचे नुकसान दोन-तीन वर्षांत दिसून चुकले. गावाचे दिसायला दहा वर्षे लागली: तेजीत काढलेली कर्जे आणि वाढवून बांधलेला सारा पडत्या भावात फेडता येईना, आणि मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथून उठाव सुरू झाला. माणसांवर फारसे हात न टाकता लोकांनी सावकारांकडचे कर्जरोखे मागितले आणि जाळले. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयाला रोख्यावरच्या आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. सुप्याची होळी आणि आयोवातले सेंटांचे लिलाव एकमेकांपासून अर्धशतकाहून अधिक दूर आहेत, आणि दोन्हीकडे लोकांनी हात घातला तो कागदालाच.

या मांडणीवर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला असा की एका वर्गाच्या विपन्नावस्थेला महामंदी म्हटले, तर प्रत्येक दुष्काळही महामंदी ठरेल. तसे होत नाही. १८७६-७८ च्या दुष्काळात पीक गेले, धान्य महागले आणि माणसे अन्नावाचून मेली. १९३० च्या दशकात पीक होते, गिऱ्हाइकाच्या हातात पैसा नव्हता. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. दुष्काळाला धान्य हवे, महामंदीला भाव आणि पत सावरणारे धोरण हवे, आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. दुसरा आक्षेप राजकारणाचा: कर्जमाफी तर निवडणुकीच्या हिशेबानेही होते, मग करार बदलला एवढ्यावरून महामंदी कशी ओळखायची? आक्षेप योग्य आहे, आणि म्हणून माझी कसोटी माफी मिळाली की नाही ही नाही. कापूसवाल्याच्या हिशेबासारखा हिशेब मांडून, पुरते पीक आणि पुरते कष्ट धरूनही देणे भागत नव्हते का, हे आधी सिद्ध व्हावे लागते. २००८ ची केंद्राची कर्जमाफी किंवा २०१७ आणि २०१९ च्या महाराष्ट्रातल्या योजना यांना हीच फूटपट्टी लावली, तर काही तालुक्यांत आणि काही पिकांत उत्तर होकारार्थी येईल, काहींत येणार नाही. सरसकट उत्तर देणारा माणूस हिशेब न करताच बोलतो आहे असे समजावे. तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. कसोटी प्रसंग उलटून गेल्यावरच लागू होते, मग संकटाच्या ऐन मध्यात तिचा काय उपयोग? काही प्रमाणात हे मान्य करावे लागते. तरीही भाव, उत्पन्न आणि देणी यांची सांगड महिन्या-महिन्याला पाहता येते, आणि देणी जागच्या जागी असताना उत्पन्न सतत उतरते आहे हे दिसले, की टक्केवारी कितीही सौम्य असो, धोक्याची घंटा वाजवायला हवी.

आज हा विषय हाती घेण्याचे कारण एवढेच नाही की २००८ नंतर जगात तिसऱ्यांदा महामंदी येते आहे का, असे पॉल क्रुगमन यांच्यासारखे लोक उघड विचारू लागले. २००८-०९ मध्ये अमेरिकेची बेकारी दहा टक्क्यांपर्यंत चढली आणि थांबली. बर्नान्के तेव्हा फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष होते आणि १९३० च्या चुका त्यांना तोंडपाठ होत्या. उपायांमुळे महामंदी टळली, की ती मुळात येणारच नव्हती? या प्रश्नावर विद्वानांत अजून दोन तट आहेत. माझा कल पहिल्या बाजूला आहे, पण एक गोष्ट मला खटकते: त्या वेळी बँकांचे करार वाचवले गेले आणि लाखो कुटुंबांची घरे मात्र जप्त झाली. ज्या कुटुंबाचे घर गेले, त्याच्यापुरती महामंदी टळली असे म्हणवत नाही. राष्ट्राच्या सरासरीवर समाधान मानण्याची सवय १९३० च्या मुंबई प्रांताइतकीच आजही पक्की आहे, आणि ती मोडायची तर इतिहासच हाताशी घ्यावा लागतो.

प्रस्तुत पुस्तक सिद्धान्ताचे पाठ्यपुस्तक नाही, आणि पुढची महामंदी कधी येईल याचे भाकीत त्यात शोधू नये. अमेरिका, मध्य युरोप, ब्रिटन, जपान आणि हिंदुस्थान यांच्या अनुभवांना एकाच प्रश्नासमोर उभे करणे, कोणाची देणी अभंग राहिली आणि कोणाची कापली गेली हे तपासणे, आणि मराठी वाचकाला या वादात स्वतःच्या प्रांताच्या पुराव्यानिशी उतरता येईल अशी तयारी करून देणे, एवढा त्याचा पल्ला आहे. हिंदुस्थानाच्या महामंदीवर डीटमार रोदरमुंड यांचे १९९२ चे इंग्रजी पुस्तक आहे. मराठीत या दशकाच्या अर्थकारणावर सलग लिहिलेले फार थोडे आहे. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये, म्हणजे ऐन संकटाच्या तोंडावर, सुरू झाली आणि धनंजयराव गाडगीळांनी तिथे गावांच्या पाहणीची परंपरा रुजवली, तेव्हा सामग्री अगदीच नाही असे नव्हे. पण त्या दशकात खानदेश, नगर आणि सोलापूर भागांत किती एकर जमीन गहाणखतावरून खरेदीखतावर गेली, ती कोणाच्या नावावर चढली आणि १९३९ च्या कायद्यानंतर किती परत आली, याचा तालुकावार हिशेब व्हायला हवा. दुय्यम निबंधकांच्या दप्तरातली खरेदीखते आणि तलाठ्यांकडचे फेरफार एकमेकांशी ताडून पाहिले तर तो काढता येईल. काम किचकट आहे, जुने कागद मोडीतले असले तर अधिकच, आणि ते करायला तरुण संशोधक हवे आहेत.